राष्ट्राध्यक्षांनी हिसकावलं किती आणि काँग्रेसनं देऊन टाकलं किती?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची सत्ता घटनेनं घातलेल्या मर्यादेबाहेर गेली आहे का, की ट्रम्प आवडत नाहीत म्हणून हा ओरडा चाललाय? आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. तिथं एका माणसाच्या सहीवर एवढं सगळं कसं होतं?"

मी मुंबईत उच्च न्यायालयात काही वर्षं काढून नंतर न्यू जर्सीत आलो आणि गेली बरीच वर्षं इथं इमिग्रेशनची वकिली करतो. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांशी माझा संबंध पुस्तकी नाही. आदेश निघाला की पहिला फोन वाजतो, मग मी आदेश वाचायला घेतो.

आधी सरळ उत्तर देतो. हो, गेली आहे. युद्धाच्या बाबतीत तर 1950 पासून आणि सरकारी खर्चाच्या बाबतीत अलीकडे. पण ज्या गोष्टींवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, म्हणजे आणीबाणी, टॅरिफ, व्हिसा, तिथं बहुतेक सत्ता काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, स्वतः कायदे करून दिलेली आहे. देताना परत घेण्याची एक सोय ठेवली होती, ती 1983 साली सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकली. त्यानंतर जे जे राष्ट्राध्यक्ष आले ते आयत्या बिळावरचे नागोबा. ट्रम्प यांनी एवढंच केलं की आधीचे राष्ट्राध्यक्ष जो संकोच बाळगायचे तो सोडून दिला. ते 'एवढंच' लहान नाही, हेही मान्य.

घटनेत नेमकं काय आहे ते बघू. 1787 साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या घटनेचं पहिलं कलम काँग्रेसचं, ते लांबलचक आहे. कर आणि आयातशुल्क लावणं, परदेशी व्यापाराचं नियमन करणं, युद्ध पुकारणं, सैन्य उभारणं, तिजोरीतून पैसे काढायला मंजुरी देणं हे सगळं त्या कलमात आहे. दुसरं कलम राष्ट्राध्यक्षांचं. चहा निवायच्या आत वाचून होतं. सैन्याचं सर्वोच्च सेनापतिपद, माफीचा अधिकार, सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, दोन तृतीयांश संमतीनं तह, सिनेटच्याच संमतीनं नेमणुका आणि कायद्यांची निष्ठेनं अंमलबजावणी होते की नाही हे पाहणं. सुरुवातीला एक वाक्य आहे की कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या ठायी राहील. या एका वाक्याच्या पोटात काय काय मावतं, यावर सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे.

या वादातला सगळ्यात उपयोगी निकाल 1952 चा आहे. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. ट्रूमन यांनी 8 एप्रिलला आदेश काढला आणि वाणिज्यमंत्री सॉयर यांना पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला सांगितलं. कंपन्या कोर्टात गेल्या. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश पाइन यांनी सरकारी वकिलांना विचारलं की मग राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेला मर्यादा कोणती? वकील बाल्ड्रिज म्हणाले, दोनच: मतपेटी आणि महाभियोग. कोर्टात हुशार वकीलही कधी कधी असं काही बोलून जातो की पुढची सगळी केस त्या वाक्याभोवती फिरत राहते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि खुद्द ट्रूमन यांना सारवासारव करावी लागली. 2 जूनला सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी आदेश रद्द ठरवला आणि कारखाने मालकांना परत मिळाले.

बहुमताचं निकालपत्र ब्लॅक यांचं होतं, पण आज वकील उद्धृत करतात ते जॅक्सन यांचं सहमतीचं मत. राष्ट्राध्यक्षांची कृती तीनपैकी एका गटात बसते, असं त्यांनी मांडलं. काँग्रेसनं अधिकार दिलेला असेल तर सत्ता सगळ्यात भक्कम. काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तर सगळ्यात क्षीण. ट्रूमन तिसऱ्या गटात सापडले, कारण 1947 च्या कामगार कायद्याच्या वेळी कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा का यावर चर्चा झाली होती आणि काँग्रेसनं तो दिला नव्हता. गंमत अशी की हेच जॅक्सन 1941 मध्ये रूझवेल्ट यांचे महाधिवक्ते असताना विमान कारखाना ताब्यात घेण्याचं समर्थन करत होते. निकालपत्रात त्यांनी साफ सांगितलं की सरकारची वकिली करताना मांडलेली बाजू न्यायाधीश म्हणून मला बांधून ठेवत नाही. त्याच निकालपत्रात त्यांनी आणखी एक म्हटलंय: आणीबाणीसाठी कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, पण तो बोटांच्या फटींतून निसटू द्यायचा नाही हे फक्त काँग्रेसच करू शकते. पुढच्या सत्तर वर्षांत काँग्रेसनं नेमकं काय केलं ते बघा.

सुरुवात युद्धापासून करतो, कारण तिथं मर्यादा ओलांडली गेली याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेनं रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं 1942 च्या जूनमध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, दोनदा इराक झालं, अफगाणिस्तान झालं, पण युद्ध कधीच पुकारलं गेलं नाही. कोरियाच्या वेळी ट्रूमन यांनी काँग्रेसची परवानगीच घेतली नाही. ही संयुक्त राष्ट्रांची पोलिसी कारवाई आहे म्हणाले. व्हिएतनामसाठी 1964 मध्ये सैन्य वापरायला मुभा देणारा टोंकिन ठराव झाला. प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, विरोधात एकही मत नाही, सिनेटमध्ये दोन. 2001 च्या हल्ल्यानंतरचा ठराव प्रतिनिधीगृहात एकाच सदस्याच्या, बार्बरा ली यांच्या, विरोधी मतानिशी मंजूर झाला. तो अल् कायदा आणि तिला आसरा देणाऱ्यांसाठी होता. त्याच्या आधारे चार राष्ट्राध्यक्षांनी अशा देशांत आणि अशा संघटनांवर कारवाया केल्या, ज्यांचा ठरावाच्या वेळी कुणी विचारही केला नव्हता.

मधल्या काळात काँग्रेसला जाग आली होती. 1973 साली निक्सन यांचा व्हेटो, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा नकार, दोन तृतीयांश मतांनी ओलांडून तिनं युद्धाधिकारांचा कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर 48 तासांत कळवा, आणि 60 दिवसांत आमची मंजुरी मिळाली नाही तर परत बोलवा. माघारीसाठी हवे तर आणखी 30 दिवस घ्या. कागदावर नियम चोख होता. 2011 मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू असताना 60 दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारच्या वकिलांनी युक्तिवाद केला की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, त्यांच्या जिवाला फारसा धोका नाही, म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली ही लढाईच नव्हे. 2025 च्या शेवटी कॅरिबियन समुद्रात संशयित तस्करांच्या बोटी उडवण्याची मोहीम 60 दिवसांवर गेली, तेव्हा ट्रम्प सरकारनं जवळजवळ तोच युक्तिवाद केला. ओबामांच्या वेळी टाळ्या वाजवणारे या वेळी चिडले आणि तेव्हा चिडलेले या वेळी गप्प बसले. इथं पक्षापक्षांत फरक शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

काँग्रेस नुसती बघत बसते का? बघण्यापेक्षाही वाईट करते. कोसोवोचं उदाहरण मला फार आवडतं. 1999 च्या वसंतात क्लिंटन यांनी युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू केले होते. 28 एप्रिलला प्रतिनिधीगृहात एकाच दिवशी चार प्रश्नांवर मतदान झालं, त्यातले तीन बघा. युद्ध पुकारायचं का? नाही, 427 विरुद्ध 2. सैन्य मागं घ्यायचं का? नाही, 290 विरुद्ध 139. मग चाललेल्या हवाई हल्ल्यांना मंजुरी द्यायची का? 213 विरुद्ध 213, म्हणजे ठराव नामंजूर. इतकं तळ्यात-मळ्यात करून झाल्यावर पुढच्या महिन्यात याच काँग्रेसनं क्लिंटन यांनी मागितल्यापेक्षा जास्त पैसे मंजूर केले. काही सदस्य कोर्टात गेले, तर न्यायालयानं त्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाही म्हणून परत पाठवलं. बॉम्बफेक 78 दिवस चालली. राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसचा अधिकार हिसकावला असं म्हणावं, तर ज्याचा अधिकार गेला त्यालाच तो सांभाळायचा नव्हता. युद्ध फसलं तर खापर व्हाइट हाउसवर फुटावं आणि जिंकलं तर आपण पैसे दिले होते म्हणता यावं, अशी ही सोय आहे.

आता 1983 चं प्रकरण. इथंच खरं घोडं पेंड खातं आणि सर्वसाधारण चर्चेत याचं नावही निघत नाही. जगदीश राय चढ्ढा हे भारतीय वंशाचे, केनियात जन्मलेले, ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेत शिकायला आलेले गृहस्थ. 1972 मध्ये विद्यार्थी व्हिसा संपला. ना केनिया घ्यायला तयार, ना ब्रिटन. इमिग्रेशन न्यायाधीशांनी त्यांची हद्दपारी थांबवली. पण तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की काँग्रेसच्या एका सभागृहानं नुसता ठराव केला तरी ती सवलत रद्द. 340 जणांच्या यादीतून सहा नावं निवडून प्रतिनिधीगृहानं डिसेंबर 1975 मध्ये तसा ठराव केला, तोही मतमोजणीशिवाय. चढ्ढा लढले आणि जिंकले. न्यायालयानं 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं की काँग्रेसला काही करायचं असेल तर दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर करून राष्ट्राध्यक्षांपुढे सहीला ठेवावं लागेल. आडवाट नाही.

तत्त्व म्हणून निकाल बरोबर वाटतो आणि चढ्ढा यांना न्याय मिळाला याचा आनंद आहेच. पण तेव्हा जवळजवळ 200 कायद्यांत अशी तरतूद होती. काँग्रेसनं सत्ता देताना घातलेली अट अशी होती की घ्या, वापरा, पण आम्हांला पटलं नाही तर साध्या बहुमतानं थांबवू. अट गेली, दिलेली सत्ता मात्र राहिली. विरोधी मत लिहिणाऱ्या व्हाइट यांनी हे तेव्हाच सांगितलं होतं.

याचा सगळ्यात मोठा फटका राष्ट्रीय आणीबाणीच्या कायद्याला बसला. हा कायदा 1976 चा, निक्सन प्रकरणानंतर राष्ट्राध्यक्षांना वेसण घालायला केलेला. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली की निरनिराळ्या कायद्यांतले शंभराहून अधिक विशेष अधिकार खुले होतात. मूळ कायद्यात दोन्ही सभागृहांच्या ठरावानं, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, ती संपवता येत होती. चढ्ढा निकालानंतर 1985 मध्ये तरतूद बदलावी लागली. आता सही लागते, म्हणजे व्हेटो होऊ शकतो, म्हणजे दोन तृतीयांश मतं लागतात. 2019 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली. आधी काँग्रेसनं त्यांना हवे तेवढे पैसे नाकारले होते. काँग्रेसनं आणीबाणी संपवण्याचा ठराव केला. सिनेटमध्ये 59 मतं पडली, त्यांच्याच पक्षाचे बाराजण फुटले. ट्रम्प यांनी व्हेटो वापरला. तो ओलांडायला प्रतिनिधीगृहात 248 मतं पडली. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं. आणीबाणी चालू राहिली.

इराणमध्ये ओलीस प्रकरण झालं तेव्हा, नोव्हेंबर 1979 मध्ये, कार्टर यांनी जाहीर केलेली आणीबाणी दरवर्षी नूतनीकरण होत अजून चालू आहे. ओलीस 1981 च्या जानेवारीत घरी आले. अशा चाळिसाहून अधिक आणीबाण्या एकाच वेळी लागू आहेत. दर सहा महिन्यांनी काँग्रेसनं फेरविचार करावा असं कायदा सांगतो, ते कित्येक दशकं भिजत घोंगडं. आपल्याकडच्या 1975 च्या आणीबाणीशी याची तुलना करू नका. इथं आणीबाणीत नागरिकांचे हक्क स्थगित होत नाहीत, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसत नाही. आणीबाणी इथं एक प्रशासकीय किल्ली होऊन बसली आहे आणि त्यामुळंच ती कुणाला खटकत नाही.

टॅरिफचं काय झालं ते बहुतेकांनी पाहिलं, मुंबईत सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिने निर्यातदारांनी तर सोसलं. 1977 च्या आणीबाणी आर्थिक अधिकारांच्या कायद्यात आयातीचं 'नियमन' करण्याचा अधिकार आहे. त्या एका तरतुदीवर ट्रम्प यांनी 2025 मध्ये जगभरच्या मालावर शुल्क लावलं. भारतावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के आणि रशियन तेलाचं कारण देऊन 27 ऑगस्टपासून आणखी 25. अठ्ठेचाळीस वर्षांत कुठल्याही राष्ट्राध्यक्षानं या कायद्याखाली शुल्क लावलं नव्हतं. घटनेत शुल्काचा अधिकार नाव घेऊन काँग्रेसला दिलेला आहे, त्यामुळं मला हा प्रकार सुरुवातीपासून बेकायदेशीर वाटत होता. व्यापार न्यायालय, मग अपील न्यायालय आणि शेवटी 20 फेब्रुवारी 2026 ला सर्वोच्च न्यायालय, तिघांनीही तेच म्हटलं. शेवटचा निकाल 6 विरुद्ध 3 असा लागला आणि बहुमतात ट्रम्प यांनी स्वतः नेमलेले दोन न्यायाधीश होते.

म्हणजे मर्यादा शाबूत आहे? थोडी. त्याच दिवशी ट्रम्प यांनी 1974 च्या व्यापार कायद्याचं कलम 122 काढलं आणि नव्यानं शुल्क जाहीर केलं. हे कलम काँग्रेसनंच दिलेलं. 15 टक्क्यांपर्यंत आणि 150 दिवस. याखेरीज राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली शुल्क लावणारं 1962 चं कलम 232 आहेच, पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचं शुल्क त्याखाली येतं. एका दारानं बाहेर काढलं तर आत यायला आणखी तीन दारं आहेत, आणि ती सगळी काँग्रेसनं बसवलेली आहेत. फरक इतकाच की 150 दिवसांनंतर मुदतवाढ हवी तर कायद्यानं काँग्रेसकडे जावं लागतं. वकिलाच्या नजरेनं पाहिलं तर चांगला कायदा असाच असतो, मुदत संपली की सत्ता आपोआप संपते.

माझ्या स्वतःच्या कामातलं कलम मात्र असं नाही. 1952 च्या इमिग्रेशन कायद्यात कलम 212(एफ) आहे. परकीयांचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असं राष्ट्राध्यक्षांना 'वाटलं' तर ते घोषणापत्र काढून, त्यांना योग्य वाटेल तितका काळ, तो थांबवू शकतात किंवा त्यावर अटी घालू शकतात. मुदत नाही, फेरविचार नाही, काही नाही. हा कायदा ट्रूमन यांनी व्हेटो केला होता आणि काँग्रेसनं तो जून 1952 मध्ये व्हेटो ओलांडून केला, पोलाद कारखान्यांच्या निकालाच्या महिन्यातच! एका हातानं न्यायालय राष्ट्राध्यक्षांना आवरत होतं, तेव्हा दुसऱ्या हातानं काँग्रेस त्यांचा व्हेटो ओलांडून त्यांनाच अधिकार देत होती.

19 सप्टेंबर 2025, शुक्रवार. दुपारी बातमी आली की एच-वन-बी, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या, व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क, त्याच कलमाखाली. रविवारी मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिटानं लागू. भारतात तेव्हा शनिवारची पहाट होती आणि अंमल सुरू होणार होता रविवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास. पितृपक्ष संपत आलेला, सोमवारी घटस्थापना, त्यामुळं माझे कितीतरी अशील पुण्या-नाशकात घरी गेलेले. घोषणापत्रात परतणाऱ्यांना सूट आहे की नाही ते धड लिहिलेलं नव्हतं. वाणिज्यमंत्री म्हणाले शुल्क दरवर्षी लागेल. कंपन्यांच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवले: जे बाहेर आहेत त्यांनी मुदतीआधी परता, जे आत आहेत त्यांनी हलू नका. एक मुलगी, बाळ तीन महिन्यांचं, फोनवर विचारत होती, "काका, बाळाला आईकडे ठेवून मी एकटी निघू का?" मी तिला काय सांगणार? आदेशाचा मजकूर माझ्यासमोर होता आणि त्यातून दोन्ही अर्थ निघत होते. मी म्हटलं, चोवीस तास थांब, विमानतळावर जाऊन बस हवं तर, पण बाळाला सोडून निघू नकोस. शनिवारी व्हाइट हाउसनं खुलासा केला की शुल्क एकदाच, फक्त नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. तोवर कित्येकांनी तिकिटावर दामदुप्पट पैसे मोजले होते, काही जण विमानात बसून पुन्हा उतरले होते.

हे बेकायदेशीर होतं का? माझं मत असं की प्रवेश थांबवण्याच्या अधिकारातून काँग्रेसनं न ठरवलेलं एक लाखाचं शुल्क काढणं म्हणजे कर लावणंच झालं आणि ते बसत नाही. पण वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयानं डिसेंबरमध्ये सरकारच्या बाजूनं निकाल दिला. आधार तोच, काँग्रेसनं अधिकार फार सैल शब्दांत दिलाय. 2018 मध्ये प्रवासबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाबद्दल लिहिलं होतं की त्याच्या प्रत्येक वाक्यातून राष्ट्राध्यक्षांपुढची अदब ओसंडते. अशा कलमाखाली न्यायाधीश तरी किती अडवणार?

खर्चाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडं लोकांचं लक्ष कमी आहे. कायद्यानं तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही, असं घटना सांगते. उलट प्रश्न असा की काँग्रेसनं खर्च करा म्हटलेला पैसा राष्ट्राध्यक्षांनी अडवून ठेवला तर? निक्सन यांनी सांडपाणी प्रकल्पांचा पैसा अडवला होता. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो चुकीचा ठरवला. त्याआधी 1974 मध्येच कायदा झाला होता: पैसा नको असेल तर तसा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवा, 45 दिवस तो पैसा थांबवता येईल, मंजुरी नाही मिळाली तर खर्च करा. 2025 मध्ये पळवाट सापडली. आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे 45 पेक्षा कमी दिवस उरले असताना, परदेशी मदतीचे 4.9 अब्ज डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला. प्रस्ताव विचाराधीन असतानाच वर्ष संपलं, पैसा व्यपगत झाला, म्हणजे मुदत संपून खर्च करण्याची मंजुरीच गेली. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबरला त्यातला बहुतेक पैसा अडवून ठेवायला तात्पुरती मुभा दिली. रक्कम अमेरिकेच्या अंदाजपत्रकाच्या मानानं किरकोळ आहे. पण ही युक्ती रूढ झाली तर दरवर्षी ऑगस्टनंतर काँग्रेसची मंजुरी ही शिफारस ठरेल. युद्धाचा अधिकार काँग्रेसनं स्वतःहून सोडला. तिजोरीची किल्ली मात्र तिच्या हातून काढून घेतली जात आहे. जॅक्सन यांच्या तिसऱ्या गटात बसणारं याहून स्वच्छ उदाहरण मला आजघडीला दिसत नाही.

न्यायालयांनीही हातभार लावलाय. 1 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या गाभ्याच्या अधिकारांबाबत फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे आणि इतर अधिकृत कृतींबाबत ते आहे असं गृहीत धरायचं. घटनेच्या मजकुरात असं संरक्षण कुठं लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही. जून 2025 मध्ये, जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाविरुद्धच्या आदेशाच्या निमित्तानं, जिल्हा न्यायाधीशांनी देशभर लागू होणारी स्थगिती द्यायची नाही असंही ठरलं. त्या आदेशात एच-वन-बीवरच्या आईबापांची मुलंही येत होती, त्यामुळं इथल्या मराठी मंडळींत गर्भवती मुलींच्या घरी काय काळजी होती ते मी पाहिलंय. वकिलांनी मग सामूहिक दाव्यांचा रस्ता धरला आणि आदेश अडवला गेला. रस्ता बंद झाला नाही, वळसा वाढला.

"एका माणसाच्या सहीवर कसं होतं" याचं उत्तर यात आलंच, पण आपण फार निवांत राहू नये. आपल्याकडेही कार्यपालिकेला संधी मिळाली की ती सोडत नाही. बिहारमध्ये 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम काढले गेले आणि विधिमंडळात न नेता पुन्हापुन्हा काढून काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. हे उकरून काढलं ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी, सरकारी राजपत्रं चाळून. सर्वोच्च न्यायालयानं 1986 च्या डिसेंबरमध्ये याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं. तरी फरक आहे. आपल्याकडे वटहुकूम अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत आपोआप मरतो. जिवंत ठेवायला सरकारला काहीतरी करावं लागतं. अमेरिकेत आदेश आपोआप जगतो आणि मारायला काँग्रेसला दोन तृतीयांश मतं लागतात.

एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. आजच्या जगात पाचशे पस्तीस माणसांनी ठरवेपर्यंत संकट येऊन निघूनही जाईल, असं या सत्तेचे समर्थक म्हणतात. लिंकन यांनी 1861 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नसताना हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केलं नसतं तर राजधानी हातची गेली असती, हे उदाहरण हटकून येतं. ते खरंही आहे. पण लिंकन यांनी जुलैमध्ये काँग्रेस भरल्यावर तिला लेखी संदेश पाठवून आपण काय केलं आणि का, ते मांडलं, आणि 1863 मध्ये काँग्रेसनं त्याचा कायदा केला. आधी कृती आणि मग मंजुरी याला माझी हरकत नाही; हरकत मंजुरीच्या टप्प्यालाच फाटा देण्याला आहे. याउलट 1942 मध्ये रूझवेल्ट यांच्या आदेशानं सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं, तेव्हा काँग्रेसनं आठवड्यांतच पाठबळाचा कायदा केला आणि न्यायालयानंही मान डोलावली. तिन्ही शाखा एकत्र असूनही चूक झालीच. म्हणून मंजुरी हा सगळ्यावरचा उतारा आहे असं माझं म्हणणं नाही.

ट्रम्प यांच्याबद्दलच्या नाराजीतून हा वाद आलाय का, याला माझं उत्तर असं की बायडन यांनी 2003 च्या एका कायद्यातल्या तरतुदीवर विद्यार्थ्यांची सुमारे 430 अब्ज डॉलरची कर्जं माफ करायला घेतली होती आणि 2023 मध्ये न्यायालयानं ती अडवली. तेव्हा आज ओरडणारे बरेचसे लोक न्यायालयावर चिडले होते. वेग आणि धाडस ट्रम्प यांचं वेगळं आहे. पहिल्या शंभर दिवसांत 140 हून अधिक आदेश आधी कुणी काढले नव्हते. पण आदेशांची संख्या मोजून फारसं कळत नाही. रूझवेल्ट यांनी आपल्या कारकिर्दीत 3,700 च्या वर काढले. आदेशाखाली कुठला कायदा दाखवलाय, त्या कायद्याला मुदत आहे का आणि काँग्रेसला तो थांबवायला किती मतं लागतील, ही तीन उत्तरं मिळाली की बातमीतला निम्मा गोंधळ संपतो.

दुरुस्ती अवघड नाही, म्हणजे लिहायला अवघड नाही. आणीबाणी 30 दिवसांत आपोआप संपावी, काँग्रेसनं मंजुरी दिली तरच पुढं चालावी, असं विधेयक सिनेटर माइक ली यांनी 2019 मध्ये मांडलं होतं. ते स्वतः रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. त्यानंतर दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी तशी विधेयकं पुन्हा आणली. कायदा मात्र झाला नाही. ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असतो त्याला ते नको असतं आणि ज्याचा नसतो त्याला चार वर्षांनी आपला येईल अशी आशा असते. दोन्ही सभागृहांत मंजूर झालंच, तर सहीला जाईल व्हाइट हाउसमध्येच.